तुणतुण्याला माइक नव्हता

मागच्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून मिरजगावला आला तो तोंड पाडूनच. लाडू पुढे ठेवले तरी हात लावेना. शेवटी कळलं, की त्याच्या बँडमधला गाणारा पोरगा नोकरीला जर्मनीला गेला. पुतण्या त्या बँडमध्ये गिटार वाजवतो. म्हणाला, "काका, चार वर्षांत बसवलेलं सगळं गेलं. आमचा आवाजच गेला."

मी त्याला विचारलं, ढोलकीवाला आहे ना? तो म्हणाला, ड्रमर आहे. म्हटलं, मग रडतोस कशाला? आपल्याकडे दर दसऱ्याला निम्मा फड बदलतो.

माझा धंदा स्पीकरचा. तोही वडिलांपासून चालत आलेला. आबा मिरजगावातून लग्नाला, सप्ताहाला, निवडणुकीला आणि तमाशाला स्पीकर भाड्याने द्यायचे. नगर-सोलापूर रस्त्यावरचं गाव, नगरपासून पन्नासेक किलोमीटर. इकडे कर्जत, तिकडे आष्टी, खाली करमाळा. म्हणजे गिऱ्हाईक तीन जिल्ह्यांचं. सामान म्हणाल तर आहुजाचा एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन भोंगे, दोन माइक आणि ट्रॅक्टरची बॅटरी. १९७२च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. त्या साली लग्नं नाहीत, जत्रा नाहीत, आबा खडी फोडायला रोजगार हमीच्या कामावर आणि भोंगे माळ्यावर. दुष्काळ हटल्यावर पहिली सुपारी आली ती एका तमाशाची, आणि भोंगा लिंबाच्या झाडाला बांधायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून मी तमाशा पाहिला कमी आणि ऐकला जास्त. आमची जागा रंगमंचाच्या कडेला, अ‍ॅम्प्लिफायरपाशी. तिथून बाईचा चेहरा दिसत नाही, पाठ दिसते. पण कोण कुठे सुरात आहे आणि कोण नाही, ते सगळं कळतं.

मोठे फड त्यांचं सामान त्यांच्या ट्रकमधूनच आणायचे. आमच्याकडे यायचे ते लहान फड. त्यांची नावं इथे घेत नाही. काहींची बिलं अजून यायची आहेत.

पुतण्याला मी सांगितलं ते असं. फड म्हणजे पाटी एकाची आणि पोट शंभर जणांचं. दसऱ्याला हंगाम सुरू होतो. चैत्र-वैशाखाच्या जत्रा उरकल्या, अक्षय्य तृतीया, बुद्ध पौर्णिमा झाली, की कनात गुंडाळायची. पावसाळ्यात फड बंद. या बंद महिन्यांत खरी उलथापालथ होते. कलावंत मालकाकडून उचल घेतो, म्हणजे पुढच्या हंगामाच्या पगारातली आगाऊ रक्कम. ज्याची उचल घेतली त्याच्याकडे नाचायचं, वाजवायचं. दुसऱ्या मालकाने जास्त उचल दिली, की पहिल्याची फेडून माणूस तिकडे. दसऱ्याला पडदा वर जातो तेव्हा पाटी तीच असते, पण मागचे हात नवे. ढोलकीवाला बदलला की तोडे बदलले, सोंगाड्या बदलला की बतावणी बदलली, गाणारी गेली की तिच्या गळ्यावर बसवलेल्या लावण्याही गेल्या. दोन-तीन आठवड्यांच्या तालमीत नवा आवाज उभा करायचा आणि रात्री लोकांसमोर जायचं. तिथे "आमचा आवाजच गेला" म्हणायला फुरसत कुणाला?

त्यावर तो मला त्याच्या जगातली नावं सांगू लागला. ऑस्ट्रेलियाचा एसी/डीसी नावाचा बँड. त्यांचा गायक बॉन स्कॉट १९८०च्या फेब्रुवारीत गेला, नवा गायक ब्रायन जॉन्सन आला आणि जुलैत 'बॅक इन ब्लॅक' बाजारात. सहा महिनेसुद्धा नाहीत. पिंक फ्लॉइडमध्ये १९६८ला सिड बॅरेटच्या जागी डेव्हिड गिलमोर आला आणि गाण्याची जातच बदलली. लांब कशाला, मुंबईत १९८४ला निघालेला रॉक मशीन. त्यांनी माणसं बदलली, १९९३ला नावही बदललं, इंडस क्रीड झाले, आणि इंग्रजी गाण्याच्या खाली आपल्याकडचे सूर-ताल घालू लागले. १९९७ला मोडले, २०१०ला पुन्हा जमले, २०१२ला नवा अल्बम. मी ऐकून घेतलं. म्हटलं, हे सगळं नगर जिल्ह्याला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे.

संगमनेरचे अनंत फंदी, १७४४चा जन्म. पेशवाईतला मोठा शाहीर, तमाशाचा फड गाजवणारा. त्यांच्याबरोबर मलिक फंदी, रतन फंदी अशी मंडळी असायची असं सांगतात. म्हणजे फंदी हे नाव एकाचं नव्हे, सगळ्या फडाचंच. आता त्यांची जी गोष्ट आमच्याकडे सांगतात तिच्यात अहिल्याबाई होळकर आहेत, आणि अहिल्याबाई म्हणजे आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, त्यामुळे ती गोष्ट आम्ही घरातली असल्यासारखी सांगतो. अहिल्याबाईंनी फंदींना सुनावलं, की अशी वाणी तमाशात घालवण्यापेक्षा कीर्तनाला लाव. फंदींनी तिथल्या तिथे डफ फोडला आणि कीर्तनकार झाले. गोष्ट कितपत खरी हे इतिहासवाल्यांनी पाहावं. माझा प्रश्न वेगळाच आहे. डफ फुटला, फंदी कीर्तनाला गेले, मग मागे उभं राहून ओळ उचलणाऱ्या झिलकऱ्यांचं काय झालं? कीर्तनालाही मागे धरकरी लागतात. टाळ हातात घेऊन ते तिकडे गेले, की दुसऱ्या फडात उचल घेतली? गोष्ट सांगणाऱ्या कुणीही त्यांची विचारपूस केलेली मी ऐकलेली नाही.

जुना फड आवाजाच्या दृष्टीने किती माणसांचा? पुढे शाहीर, म्हणजे सरदार. ढोलकीवाला. हलगीवाला, त्याला काही फडांत कडंवाला म्हणत. झांज. आणि सुरत्या, तुणतुणं घेतलेला. लाकडी नळा, एका तोंडाला कातडं, वर खुंटी, मध्ये एक तार. एकच तार, एकच सूर, रात्रभर तोच. शाहीर ओळ टाकतो, ती पूर्ण व्हायच्या आत मागचे ती उचलतात आणि वर नेऊन सोडतात. सुरत्याने एक हात कानावर ठेवून सोडलेला तो 'जी जी' कनातीबाहेर चहाच्या गाडीवरही ऐकू जायचा. माइक नव्हता तेव्हा आवाज लांब न्यायचं काम याच माणसांचं होतं. म्हणजे आमच्या भोंग्याच्या आधीचे भोंगे तेच.

या पाच जणांच्या मांडणीत पहिला मोठा बदल केला तो वगाने. सावळजच्या उमा-बाबूंनी १८६५मध्ये 'मोहना-बटाव' केला आणि तो पहिला वग मानतात. गाण्यानंतर गोष्ट आली, गोष्टीबरोबर राजा, प्रधान, शिपाई आले. दुसरा बदल त्याहून मोठा. तोवर बाईचं काम पोऱ्या करायचा, नाच्या पोऱ्या. मग फडात बाई आली. आणि इथे पुन्हा संगमनेर. तालुक्यातल्या हिवरगाव पावशाची पवळा आणि रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव. तो ब्राह्मण, ती महार. त्या काळात दोघांनी एका फडात उभं राहणं हीच केवढी गोष्ट. लोक त्या प्रेमाबद्दल बोलतात, सिनेमे-नाटकं त्यावरच झाली. मला त्यातला आवाज दिसतो. पोऱ्या नाचायचा तेव्हा लावणी शाहिराची असायची, पोऱ्या नुसता हावभावाला. पवळा आली आणि लावणी बाईच्या तोंडून येऊ लागली. आता ढोलकीला शाहिराच्या शब्दांबरोबर पायातल्या चाळांशीही बोलावं लागलं. बापूरावांनी लिहिलं ते तो गळा आणि ते पाय समोर ठेवून. पुढे दोघांचं फाटलं. पवळेवाचून फड पूर्वीसारखा उभा राहिला नाही. १९४५मध्ये बापूराव गेले ते हलाखीत. इतकी लिहिणारी लेखणी हाताशी असून आवाज परत आला नाही, हे पुतण्याला सांगावं की नाही असा मला प्रश्न पडला होता. सांगितलं. त्याने लाडू खाल्ला.

मधला काळ भराभर सांगतो. सत्यशोधकांनी आणि नंतर आंबेडकरी मंडळींनी जलसे काढले. ढोलकी-तुणतुणं तेच, पण नाचणारी बाई काढली, गणाचे शब्द बदलले. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. गणपतीच्या गणाच्या जागी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन, गवळणीला रजा. या साऱ्यातून 'लोकनाट्य' हा शब्द रुळला, आणि तमाशावाल्यांनीही तो आपल्या पाटीवर चढवला: लोकनाट्य तमाशा मंडळ. सरकारी परवानगीला बरा दिसतो, म्हणायचे.

आता पाटीचंच बोलू. तमाशाच्या पाटीवर एक शब्द असतो, 'सह'. बाहेरच्या माणसाला तो शब्द भरतीचा वाटेल, पण अख्ख्या फडाचा इतिहास त्या दोन अक्षरांत असतो. तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर. तुकाराम म्हणजे देखणा नट, कांताबाई त्यांच्या जोडीला. १९६४ला तुकाराम गेले. कांताबाईंची मुलं लहान, आणि फड हातून गेला. पदरात पोरं घेऊन त्यांनी दुसऱ्यांच्या फडांत कामं केली, काही वर्षांनी स्वतःचा फड उभा केला. नायक गेला तर नायक कुठून आणायचा? त्यांनी आणला नाही. त्याच नायक झाल्या. फेटा बांधून, तलवार घेऊन पुरुषांच्या भूमिका करू लागल्या. वगात शिवाजी महाराजसुद्धा. एसी/डीसीवाल्यांनी गेलेल्या गायकाच्या जागी दुसरा गायक शोधला. इथे उरलेल्या बाईने गेलेल्याची जागा स्वतःच्याच आवाजाने भरली. पुढे मुलगा रघुवीर मोठा झाला, सोंगाड्या म्हणून गाजला, आणि पाटी झाली रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. आईचं नाव मुलाच्या नावामागे गेलं, पण पाटीवरून उतरलं नाही. नारायणगावकडे विठाबाई भाऊ मांग आणि त्यांची लेक मंगला बनसोडे; लेकीने वेगळा फड काढला, आणि आता तिच्या पाटीवर 'सह'नंतर तिचा मुलगा नितीनकुमार आहे. दर पिढीत एकदा तो 'सह' असा सरकतो.

फडांचा आवाज माझ्या देखत बदलला, तो रघुवीर-मंगला यांच्या पिढीत. पेटी आधीच आली होती. आमच्याकडे तर जामखेड शेजारी, तिथे संगीत बारीची कलाकेंद्रं, तिथले पेटीवाले फडात येऊन-जाऊन. पेटी आली आणि एक बारीक गोष्ट उलटी झाली. आधी तुणतुणं गळ्याला मिळवायचे; आता गळा पेटीला मिळवायला लागले. मग रंगबाजी वाढली. गण-गवळण अर्ध्या तासात उरकायची आणि दीड-दोन तास सिनेमाची गाणी. सिनेमाच्या गाण्याला ढोलकी-हलगी पुरत नाही. अ‍ॅकॉर्डियन आलं, बोंगो आले, ड्रमसेट आला, गिटार आली, मग कॅसिओ आणि त्यामागून ऑक्टोपॅड. पाटीवर आणखी एक शब्द चढला, 'ऑर्केस्ट्रा'. यावर पुण्या-मुंबईत पुष्कळ रडून झालंय. मी त्यात नाही. नागीण डान्सला उभी राहिलेली जत्रा मी पाहिली आहे, त्याच जत्रेला पहाटे वगात रडतानाही पाहिलं आहे. पोटाचा धंदा आहे. लोक तिकीट काढतात ते मागतील ते द्यावं लागतं.

माझं दुखणं दुसरीकडे आहे, आणि त्यात माझाच हात आहे.

माइक एक असतो तेव्हा तो मध्ये टांगलेला असतो. ज्याला ऐकू जायचंय तो पुढे येतो, झालं की मागे सरतो. झिलकरी त्याच माइकभोवती घोळका करतात. ते सरकणं हीच आमची मिक्सिंग. दोन माइक झाले तेव्हा आबांनी दुसरा झिलकऱ्यांपुढे ठेवायचा पायंडा पाडला होता. म्हणायचे, पुढच्याला लोक बघतात, मागच्याला ऐकतात.

१९८७ साल. आष्टीकडच्या एका जत्रेत लहानसा फड होता. मालकाने त्या हंगामात नवा पोरगा आणला होता, कॅसिओवाला. त्याला सगळ्यांपेक्षा जास्त पगार आहे असं स्वयंपाकी सांगत होता. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरला माइकच्या दोन जागा आणि एक ऑक्सची. ऑक्सचं भोक उंदराने कुरतडल्यासारखं झालेलं, वायर घातली की नुसती घरघर. कॅसिओ जोडायचा तर एक माइक काढावा लागणार. आबा त्या दिवशी तापाने घरी. मालक म्हणाला, मागचा काढा. मी काढला. पाच मिनिटांचं काम.

सुरत्या साठीच्या पुढचा होता. पटका, हातात तुणतुणं, मागे उभा. त्याने पाहिलं, काही बोलला नाही. गण सुरू झाला तेव्हा सवयीने कानावर हात ठेवून त्याने ओळ उचलली, वर नेली, सोडली. भोंग्यातून कॅसिओच आला. पहिल्या रांगेतल्या माणसालाही तो ऐकू गेला असेल-नसेल. गवळणीनंतर माझ्यापाशी येऊन बसला, बिडी मागितली. म्हणाला, "बाळा, वायर लांब असती तर बरं झालं असतं." मी म्हटलं, उद्या आणतो. उद्या फड पुढच्या गावाला गेला.

पुढच्या दसऱ्यानंतर तोच फड आला तेव्हा ढोलकीवाला नवा होता, गाणाऱ्या दोघी नव्या होत्या, सोंगाड्या तोच होता. सुरत्याची जागा कुणी भरलेलीच नव्हती. गाणारी गेली की लोक विचारतात, ती कुठंय? सोंगाड्या गेला की शिट्ट्या कमी होतात. सुरत्या गेला तेव्हा गावात कुणी विचारलं नाही. मालकालाही विचारावंसं वाटलं नसावं. एक उचल वाचली. मी एकटा अ‍ॅम्प्लिफायरपाशी बसून ऐकत होतो. शाहिराची ओळ संपायची आणि तिथेच पडायची. उचलणारं कुणी नाही. ती पोकळी कॅसिओवाला मग काही ना काही वाजवून बुजवायचा, पोराचा तरी काय दोष.

तेव्हापासून मला वाटत आलंय, की फडाचा आवाज पुढचा माणूस गेल्याने बदलतो ते सगळ्यांना कळतं, त्यावर पोवाडे होतात. मागचा गेला की बदलतो तोही तेवढाच, फक्त तो बदल आहे हे कळायला वीस वर्षं लागतात.

नंतर २०२०चा चैत्र आला. जत्रा बंद, २०२१लाही बंद. दोन हंगाम ट्रकवर ताडपत्र्या. मे २०२१मध्ये संगमनेरला कांताबाई गेल्या, कोरोनानेच. त्या दोन वर्षांत किती ढोलकीवाले रंगकामाला, वीटभट्टीवर गेले आणि त्यातले किती परत आले, हे प्रत्येक फडमालकाला तोंडपाठ आहे. आता जत्रा भरतात. माझा मुलगा धंदा बघतो, चोवीस चॅनेलचा मिक्सर आहे, प्रत्येकापुढे माइक देता येतो. ऑक्टोपॅडवाल्याच्या एका पॅडमध्ये हलगी आहे, एकात संबळ. मी एकाला विचारलं, ही हलगी कुणी वाजवलेली रे? म्हणाला, पेनड्राइव्हवर आली.

पुतण्याच्या बँडला दिवाळीनंतर एक मुलगी मिळाली गाणारी, लातूरची. सगळ्या गाण्यांची पट्टी बदलावी लागली, निम्मी गाणी टाकून द्यावी लागली. संक्रांतीला आला तेव्हा खुशीत होता. बरोबर लॅपटॉप. म्हणाला, काका, तुमच्या जुन्या कॅसेट द्या, त्या मी कॉम्प्युटरवर उतरवून देतो, खराब होतील. माझ्याकडे आबांच्या वेळची एक कॅसेट आहे, एका माइकवर घेतलेली, १९७९ची. ट्रंकेतून काढून दिली. तो हेडफोन लावून बसला. अर्ध्या तासाने मला हाक मारली.

"काका, इथे बघा. गाणारा माइकपासून बाजूला गेलाय वाटतं."

गेला होता. फडमालकच गायचा, आणि मध्येच पानाची पिंक टाकायला कनातीकडे तोंड करायचा. मला ती जागा माहीत होती.

"तेवढ्यात मागे एक टिंग टिंग येतंय, एकाच सुरात. बहुतेक वायरचा नॉइज आहे. सॉफ्टवेअरने पकडलाय, पूर्ण कॅसेटमधून एका क्लिकवर निघेल. काढू?"

म्हटलं, हात मागे घे आधी. आणि एक हेडफोन इकडे दे.